मागच्या बाकावरची रंभाबाई

रंभाबाईला मोटारीचं भारी वेड. सक्करदऱ्याहून उमरेडला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला, की भाकर तव्यावर सोडून ही दारात! अन् नवरा कोण, तर त्याच सर्व्हिसचा मॅनेजर. मग काय विचारता, इंग्रजाच्या राज्यात अख्ख्या नागपुरात हिच्याइतकी फुकट मोटारीत बसलेली बाई दुसरी नसेल.

फुकट म्हणजे कामासाठी हो. नवरा, गणपतराव, माणूस मोठा खवट. नवा ड्रायव्हर आला की आधी त्याचं लायसन उजेडात धरायचे, शिक्का अन् मुदत बघायचे, मग कोणाजवळ शिकला, कोणती गाडी चालवली, सगळं खोदून विचारायचे. एवढं झालं की घरी सांगावा जायचा. रंभाबाई लुगडं बदलून, पान लावून मागच्या बाकावर येऊन बसायची. गाडी फेरी मारून आली की गणपतराव एकच विचारत, "याच्या गाडीत आपली प्रेमलता बसवशीन काय वं?" प्रेमलता म्हणजे त्यांची नवसाची लेक. रंभाबाई हो म्हणाली तर ड्रायव्हर ठेवला, नाही म्हणाली तर त्यानं चहा प्यावा अन् घर गाठावं. मालकही त्यात तोंड घालत नसे.

संक्रांत झाली अन् एका सकाळी तिचा धाकटा भाऊ कवडू लायसन घेऊन दारात हजर. रंभाबाईचा आनंद पोटात मावेना. पोरगं कालपर्यंत उमरेडला बैलबंडी हाकत होतं. तिथल्या देवराव विणकरांनी सांगून ठेवलं होतं, मोटारीवर नोकरी लागली की आमची नीला तुझी. कवडूचा जीव नीलावर, अन् रंभाबाईचा कवडूवर. आई गेल्यापासून तिनंच तर त्याला वाढवलं होतं.

गणपतरावांनी लायसन उलटसुलट करून बघितलं. खरं होतं.

"कोणाजवळ शिकला गा?"

"मालगुजाराच्या लहान मोटारीवर, भाऊजी."

"अन् मोठी?"

"गाडी ते गाडीच ना."

रंभाबाई तडकली. "घरच्या माणसाची काहून परीक्षा घेऊन राहिले तुमी? माहा भाऊ आहे तो."

"म्हणूनच तू बस," गणपतराव म्हणाले, अन् स्वतः कवडूच्या बाजूला बसले.

गाडी सुटली. काय सुटली म्हणता! झाडं मागं पळू लागली, पदर डोक्यावर ठरेना, रंभाबाई हरखून गेली. भाऊ कसा ताठ बसला होता. तेवढ्यात वळणावरून संत्र्यांची बंडी आडवी आली. कवडूनं काय करावं? चाक दोन्ही हातांनी छातीकडं ओढलं, मागं रेलला अन् "हो, हो, हो" करू लागला, जसा बैलांचा कासराच हातात! दोन्ही पाय पुढच्या फळीला टेकलेले, ब्रेककडं एकही नाही. गणपतरावांनी चाक हिसकलं, तशी गाडी बंडीला चुकवून कडब्याच्या गंजीत घुसली अन् बंद पडली.

लागलं कोणाला नाही. रंभाबाई कडबा झटकत उतरली. गणपतरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कवडू तिच्याकडं बघत होता, लहानपणी भाकर मागताना बघायचा तसाच.

"नाही बसवणार," ती म्हणाली, अन् घरी जाऊन पोटभर रडली.

गणपतरावांनी कवडूला घालवलं नाही. जुन्या महादेवराव ड्रायव्हरच्या हाताखाली क्लीनर म्हणून ठेवलं. महादेवराव त्याला रिकाम्या मैदानात गाडी शिकवू लागले. देवरावांचा निरोप आला, अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, वाट पाहतो, मग दुसरं स्थळ. रंभाबाईची झोप उडाली. आता भोंगा वाजला की ती मैदानात पळायची, मागच्या बाकावर बसायची अन् नजर कवडूच्या पायांवर. कोंबडी आडवी आली, बैल आला, सायकल आली. कवडूचा पाय कुठं जातो, तेवढंच बघायची.

अखजी तोंडावर आली तेव्हा पुन्हा सांगावा गेला. रंभाबाई आली, पण एकटी नव्हे. तिनं प्रेमलताला कडेवरून उतरवलं, मागच्या बाकावर खिडकीशी बसवलं अन् तिच्या शेजारी बसली.

"अवं, गाडी फिरून तर येऊ दे," गणपतराव म्हणाले. "मी मंग विचारतो ना."

"विचारू नका," रंभाबाई म्हणाली. "चाल गा कवडू."

कवडूनं मागं वळून भाचीकडं बघितलं. मग चाक धरण्याआधी त्यानं ब्रेकवर पाय ठेवून बघितला.