मोरिवलीजवळ बंद पडणारी गाडी

मालिनीताई गाडी शिकल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, आणि नाइलाजाने. त्यांचे यजमान गुरुदत्त अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. वाचा मात्र शाबूत राहिली. बदलापूर गावातल्या घरून त्यांना फिजिओथेरपीला उल्हासनगरला न्यावं लागे, आणि रिक्षात त्यांना बसवत नसे. त्यामुळे स्टिअरिंग ताईंच्या हातात आलं आणि शेजारच्या सीटवर गुरुदत्त आले.

"गिअर बदल. किती ओरडतंय इंजिन!"

"अहो, समोर टेम्पो आहे."

"टेम्पो असला म्हणून काय झालं?"

हे रोजचंच होतं. पण उन्हाळा लागला तशी गाडी मधेच बंद पडायला लागली. पहिल्यांदा पडली ती अंबरनाथमधल्या मोरिवलीजवळ, ट्रकांच्या गर्दीत. स्टार्टर फिरायचा, इंजिन काही धरेना. एसी गेला, काच खाली केली तर कारखान्यांचा उग्र वास आत आला. ताई खाली उतरून हात दाखवत मागचे ट्रक बाजूने काढत राहिल्या. आत गुरुदत्त घामाने निथळत ओरडत होते, "क्लच सोडलास! क्लच सोडलास तू!"

थोड्या वेळाने गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली.

मग हे वरचेवर होऊ लागलं. गॅरेजमध्ये नेली की मात्र गाडी शहाण्यासारखी वागायची. मुलगी किर्ती फोनवर म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तसं तुझ्या पायाचंच असेल गं." ताईंनाही तसंच वाटायला लागलं. निघायच्या दिवशी किल्ली हातात घेऊन त्या दाराशी उगीच रेंगाळायच्या. जायचं टाळताही येत नव्हतं, कारण गाडी चालवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

एकदा वाहतूक तुंबली म्हणून त्या न्यूट्रलमध्ये उभ्या होत्या. पाय क्लचवर नव्हताच, तरी इंजिन गेलं. त्या दिवशी रडू आवरून त्यांनी नीट बघितलं. किल्ली फिरवली तरी इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा शून्यावरच. गाडी निवल्यावर मात्र काटा हलला आणि इंजिनही धरलं.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या धर्मेश मेकॅनिकला त्यांनी हे सगळं सांगितलं.

"मॅडम, स्कॅनरमध्ये तर कुछ नहीं आ रहा."

"थंड आहे म्हणून. चालू ठेवा, तापू द्या. आम्ही बसतो."

गुरुदत्तांना गॅरेजच्या सावलीत खुर्ची दिली. गाडी उन्हात चालू, आत कुणी नाही. दोघं तिच्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने इंजिनाने आचका दिला आणि ते थांबलं.

धर्मेशने किल्ली फिरवून काटा बघितला, मग बॉनेटखाली वाकून एका सेन्सरवर ओलं फडकं धरलं. जरा वेळाने गाडी चालू झाली.

"क्रँक सेन्सर," तो म्हणाला. "इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला हाच सांगतो. गरम झाला की गप्प. मग कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. काका, मॅडमची काही मिस्टेक नव्हती हां."

नवा सेन्सर बसवून दोघं परत निघाले, तरी अंबरनाथ येईपर्यंत गुरुदत्त गप्पच. ताई वाट बघत होत्या. निदान एक शब्द तरी.

"तू उतरून ट्रक काढायचीस ना," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा माझा सीटचा पट्टा मला काढता यायचा नाही. खटका उजवीकडे, डावा हात तिथवर पोचत नाही. वाटायचं, मागून एखादा आदळला तर मी इथेच अडकून राहणार."

ताईंचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला.

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"ओरडत होतो की."

"क्लचबद्दल ओरडत होतात."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे डोळे भरले होते. ते पुसायलाही त्यांना वेळ लागला.

गाडी आता बंद पडत नाही. कुठेही थांबल्या की ताई आधी त्यांचा पट्टा सोडवतात आणि मगच दार उघडतात. त्या वाकलेल्या असतानाच ते म्हणतात, "हँडब्रेक ओढ."

त्या ओढतात.