अंजनानं तळ उठवला

अंजना काही उगाच भांडणारी बाई नव्हे. उभा जन्म मेंढरांमागं गेला तिचा, आधी बापाच्या, मग नवरा बंकटच्या. दर साली तलवाड्यात मोहनरावांच्या रानात त्यांचा तळ पडायचा. मेंढ्या रानात बसायच्या, लेंड्यांच्या खतावर मोहनरावांचं पीक असं तरारायचं की बघत राहावं. निघताना अंजना चूल सारवायची आणि तिचे तीन दगड जागच्या जागी ठेवायची. आम्ही परत येणार, असा त्याचा अर्थ. सासूनं लावून दिलेली रीत.

औंदा तळ माजलगावकडं हलला आणि मागं मोहनरावांच्या विहिरीवरची मोटार गायब! त्यांचा पुतण्या तानाजी, चार बुकं शिकलेला. त्यानं काकांच्या सांगण्यावरून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठोकून दिलं, 'मेंढरवाले मोटार घेऊन डिकॅम्प.' झालं! पार सिरसाळ्यापर्यंत बोभाटा. कुणी मेंढ्या रानात घेईना. बंकट तोंड लपवून बसला. अंजना कसली बसते? तिनं एसटी धरली आणि थेट मोहनरावांच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली.

ओट्यावर काका-पुतण्या होते, शेजारी इंग्रजी शिकवणारे अंगद मास्तर.

"मास्तर, डिकॅम्प म्हंजी काय वो?"

मास्तर चाचरले. "गुपचूप पळून जाणं. पण मूळ शब्द वाईट न्हाई, बाई. कॅम्प म्हंजे तळ. त्याच्याबी मुळाशी गेलं तर लॅटिनमधलं मोकळं रान. फ्रेंच लोक फौजेनं तळ उठवला की तसं म्हणायचे. पळून जाणं हा अर्थ मागनं चिकटला."

"मधी कुणी मोहनराव भेटला आसंल त्या शब्दाला!"

तानाजीला हसू फुटलं, पण काकाचे डोळे बघून त्यानं ते गिळलं.

"तळ आमी दिवसाढवळ्या उठवला, मालक. तुमच्या घरचा च्या पिऊन गेलतो. जिथं चोर म्हणून लिवलं, तिथंच चुकलं म्हणून लिवा. मला दुसरं काय नको."

मोहनरावांनी सुपारी कातरली. "अगं, मोटार सापडली की. गड्यानं दुरुस्तीला टाकलती गेवराईत."

"कवा सापडली?"

"लई दिस झाले."

"मग लिवलं कावून न्हाई?"

"आता काय मेंढरवाल्यांची माफी मागू गावादेखत? ताणू नको उगं. पुढल्या साली या मेंढ्या घेऊन, रान तुमचंच हाय."

अंजनाच्या अंगाची लाही लाही झाली. रान म्हणे तुमचंच! खत पाहिजे, माणूस नको. एवढी वर्षं ह्या माणसाला आपण मालक म्हणालो, याचीच तिला शिसारी आली. ती तडक रानात निघाली. काय करते बघायला मोहनराव मागोमाग गेले.

चूल होती तशीच होती. सारवण तेवढं तडकलं होतं. अंजनानं पदर खोचला आणि एकेक दगड उचलून बांधापलीकडं भिरकावला. राख पायानं उधळली.

मोहनरावांना ती रीत ठाऊक होती. त्यांचा चेहरा उतरला. "अगं अंजने, पेरणीच्या आधी मेंढ्या न्हाई बसल्या तर रान..."

"आता लिवा तुमच्या ग्रुपवर," अंजना हात झटकत म्हणाली. "आता गेलो आमी."