धुराड्याची रिती जागा

आमच्या गावी नदीच्या घाटावर मी प्रातःस्नानाला जातो, तेव्हा दगडूभाऊ आधीच आलेले असतात. त्यांची सारी हयात पैलतीरीच्या सूतगिरणीत बॉयलरवर गेली. गिरणी केव्हाच बंद पडली. तरीही सूर्याला अर्घ्य दिले की ते वळून गिरणीच्या उंच धुराड्यालाही हात जोडीत.

एकदा मी थट्टेने विचारले, "दगडूभाऊ, हे कुठले दैवत?"

"शास्त्रीबुवा, तुमचे देव नैवेद्य दाखवला तरी खात नाहीत. ह्याला कोळसा भरवला की हा खायचा, आन् आमच्या घरची चूल पेटायची!"

गेल्या आठवड्यात ते धुराडे पाडले. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना माझ्या मनात एकच प्रश्न होता: आता हा मनुष्य कोणाकडे वळेल?

दगडूभाऊंनी अर्घ्य दिले, सवयीने वळले, आणि उचललेले हात क्षणभर तसेच थांबले. समोर केवळ आकाश होते. मग त्या रित्या जागेलाच त्यांनी, नेहमीइतक्याच सावकाश, नमस्कार केला.

निराकाराची उपासना मी जन्मभर शिकवीत आलो. ती घडताना त्या सकाळी प्रथम पाहिली. त्यांच्या शेजारी उभे राहून मीही हात जोडले.

"तुम्ही कुणाला, बुवा?"

"तुमच्याच दैवताला," मी म्हणालो.