गाडीच्या मागं उभी राहणारी

लातूरहून लेकीकडून आम्ही दोघं परत निघालो होतो आणि चाकूरच्या पुढं गाडी बंद पडली. आमची जुनी डिझेलची गाडी. ती बंद पडायला कारण लागायचं नाही. आधी दोन आचके द्यायची, मग चढाला लागल्यागत दम सोडायची आणि जागेवर उभी. मी बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला केला आणि डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारायला लागलो. कारभारीण खाली उतरली, पदर सावरत गाडीच्या मागं गेली आणि थोड्या वेळानं तिकडूनच ओरडली, "लावा आता!" मी स्क्रू आवळला, चावी फिरवली. गाडी लागली.

"बघ," मी म्हणलं, "माझा हात लागल्याशिवाय हिला कळतच नाही."

"हाव," ती बसत म्हणली, "तुमचा हातच तसा हाय."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्याला बारा दिवस झाले आणि ती गेली. सकाळी अंगण झाडताना खाली बसली ती उठलीच नाही. शेजाऱ्यानं जीप काढली, पण कुठं न्यायचं काही राहिलं नव्हतं.

तिला मी कारभारीण म्हणायचो, पण कारभार कधी तिच्या हाती दिला नाही. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. तरी मला वाटायचं शहाणा मीच. सगळी जवानी लोकांचे ट्रॅक्टर चालवले, म्हणून इंजिनातलं आपल्याला कळतं असा तोरा. खरं सांगायचं तर मला इंजिन चालवता येत होतं. ऐकता तिला येत होतं. पिठाच्या गिरणीत बसली तर पट्टा सैल झालाय हे गिरणीवाल्याच्या आधी तिला कळायचं. शिवणाच्या मशीनला कुठं तेल पाहिजे ते ती कानानं ओळखायची.

ती कुणाची चूक तोंडावर सांगायची नाही. मी बांध तिरका घातला तर म्हणायची, "औंदा पाणी ह्या अंगानं लई जाईल, न्हाई?" आणि निघून जायची. मग मला दोन दिवसांनी आपलं आपण सुचल्यासारखं वाटायचं आणि मी बांध सरळ करायचो. वर तिलाच समजावून सांगायचो का सरळ केला ते. ती ऐकून घ्यायची. चाळीस वर्षं तिनं असंच केलं. एकदाच, फक्त एकदाच, ती चारचौघांत सरळ बोलली.

झालं असं होतं. लोह्याला पंपावर डिझेल भरलं आणि टाकीचं झाकण तिथंच विसरलो. परत गेलो तर सापडलं नाही. मग घरीच एक झाकण बनवलं. फवारणीच्या औषधाच्या कॅनचं बूच घेतलं, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून त्याला गुंडाळलं आणि ठोकून असं बसवलं की थेंब सांडू नये, धूळ आत जाऊ नये. लई खूष झालो होतो. गल्लीतल्या दोघांना बोलावून दाखवलं.

त्यानंतर गाडी बंद पडायला लागली. वीस-पंचवीस किलोमीटर गेली की बंद. कंधारच्या गॅरेजात नेली. तिथला गफूरमिस्त्री हुशार गडी. त्यानं फिल्टर बदलला, पाइप बदलले, हवा काढली. त्याच्या दारात गाडी घोड्यासारखी चालायची आणि रस्त्यावर गेली की पुन्हा तेच. चौथ्यांदा आम्ही तिथं गेलो तेव्हा कारभारीण गाडीत बसून होती. टपावर हात ठेवून चार-पाच ड्रायव्हर चहा पीत उभे होते. मिस्त्री म्हणला, "काका, आता मोठा पंपच खोलावा लागतोय. नांदेडला न्या."

तेव्हा ती काचेतून म्हणली, "भाऊ, त्या झाकणानं हवा आत जात नसंल. आपण गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार तुटती बघा. दुसरं पाडलं की तेल सरळ येतं. टाकीचं बी तसंच झालं असंल."

ड्रायव्हर हसायला लागले. मिस्त्री म्हणला, "काकू, डिझेल हाय हे. भजे तळायचे का गाडीत?" पुन्हा हसले. एकजण म्हणला, "काका, गॅरेज टाकून द्या की काकूला!"

एवढ्यावर थांबलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. ते लोक चेष्टा करत होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं. माझ्या झाकणाला माझ्या बायकोनं लोकांसमोर नाव ठेवलं, हे मला झोंबलं. मी म्हणलं, "तू पोळपाट-लाटणं बघ. जिथं अक्कल न्हाई तिथं तोंड घालू नको. लाज आणली." असं मोठ्यानं म्हणलं. ड्रायव्हरांचं हसणं तिथंच थांबलं. तिनं पदर पुढं ओढला आणि दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत बसली. नांदेडला नेऊन मोठा पंप खोलला. त्यात काही निघालं नाही.

गाडीबद्दल ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही. मात्र एक नवी सवय लागली तिला. गाडी बंद पडली की खाली उतरायची आणि मागं जाऊन उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "पाय अवघडले." तिकडून "लावा आता" म्हणायची आणि गाडी लागायची. मला वाटायचं माझ्या हातपंपाची करामत. पाहुण्यांत सांगायचो, मिस्त्री हरले, पण मी दहा मिनिटांत चालू करतो. ती तिथंच बसून असायची आणि म्हणायची, "त्यांचा हातच तसा हाय." तिच्या पदराला डिझेलचा वास यायचा. एकदा मी त्यावरूनही बोललो. ती म्हणली, "तुमच्याच गाडीत बसते की."

मधी एकदा माझ्या झाकणाच्या रबराला बारीक भोक दिसलं. खिळ्यानं पाडल्यागत. मला वाटलं गल्लीतल्या पोरांची मस्ती. शिव्या घालत पंक्चरचं ठिगळ आणलं आणि भोक बुजवलं. तिला दाखवलं. तिनं निरखून बघितलं आणि म्हणली, "बरं केलं."

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि अस्थी घेऊन गोदावरीला निघालो. गाडीत मी आणि लेक, सुमन. मडकं तिच्या मांडीवर. लोह्याच्या पुढं एका पुलावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. मी उतरलो, स्क्रू ढिला केला, पंप मारायला लागलो. पंप आत गेला की वर यायचाच नाही. मारून मारून अंगठा सोलला. चावी फिरवली. नाही. पुन्हा मारला. नाही. ऊन चढलं. मांडीवर आई घेऊन बसलेली लेक काचेतून माझ्याकडं बघून राहिली होती.

शेवटी तिनं मडकं सीटवर नीट ठेवलं आणि उतरून मागं गेली. मला मागून आवाज आला, सूऽऽ करून कुणी लांब श्वास आत घ्यावा तसा. सुमन टाकीचं झाकण हातात घेऊन पुढं आली.

"आता मारा पंप, बाबा."

चार हात मारले. गाडी लागली.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"मायनं."

"कधी?"

"लई दिवस झाले. दर वेळी ती मागं जाऊन हेच करायची. मी म्हणलं, मग बाबाला सांग की. तर म्हणली, नको, त्यांनी हातानं बनवलंय. म्हणलं, एक भोक तरी पाड. तिनं पाडलं बी होतं. तुम्ही ठिगळ लावलं."

मी पुलाच्या कठड्यावर बसलो. गाडी चालूच होती. सुमन म्हणली, "बाबा, चला. उशीर होईल." मी म्हणलं, "तिला राग आला नव्हता का माझा?" तिनं हातातलं झाकण पुसलं. मग म्हणली, "आला होता. गॅरेजातलं बोलणं तिनं मला सांगितलं होतं. एकदाच सांगितलं आणि लई रडली."

मला तोवर वाटत होतं, ती विसरली.

टाकीचं तोंड उघडंच ठेवून, त्यावर नुसतं फडकं टाकून नांदेडला गेलो. घाटावर अस्थी सोडल्या. सुमन दहाव्याला परत यायची होती, तिला संध्याकाळी बसमध्ये बसवून दिलं आणि मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी न काढता चालत कंधारला गफूरमिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. चहाची वेळ होती. ड्रायव्हर जमले होते, त्यातले तिघं त्या दिवशीचे. मिस्त्रीनं हात पुसले, खुर्ची पुढं केली. "काका, काकूंचं कळलं. लई वाईट झालं."

मी बसलो नाही. म्हणलं, "गाडीचा फॉल्ट सापडला. झाकणातून हवा जात नव्हती. ती म्हणली होती तेच." आणि पुढचं सगळं सांगितलं. ती मागं जाऊन काय करायची ते, भोक पाडल्याचं, ठिगळाचं. मी तिला तिथं जे बोललो होतो ते पण परत शब्दाला शब्द बोललो, तेवढ्याच मोठ्यानं. मिस्त्रीनं खाली बघितलं.

"जाऊ द्या काका. माझं बी चुकलंच की."

"तुझं गाडीपुरतं चुकलं," मी म्हणलं. "ती तुझी बायको नव्हती."

मग मी त्यांना म्हणलं, "त्या दिवशी तिला हसला होता. आज मला हसा."

कुणी हसलं नाही. एकानं चहाचा कप माझ्या हातात दिला. तो गार होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, कुणी तरी हसावं म्हणून.