टपालकाका आणि रोह्याचा सर्व्हर

रोह्याच्या कारखान्यासाठी आलेला डिरेक्टरी सर्व्हर मी पेणच्या ऑफिसातच ठेवून दिला. चूक माझी. तिला भागीदार नाही.

कंपनीचं ऑफिस पेणला, कारखाना रोह्याला, आणि दोन्हीकडचे कॉम्प्युटर माझ्या एकट्याच्या गळ्यात. मेलचा सर्व्हर दोन्हीकडे एकेक होता. पण कोण माणूस, त्याचा पासवर्ड काय, त्याची पेटी कुठली, ही नोंद डिरेक्टरी सर्व्हरकडे. मेलवाला पावलोपावली त्याला विचारणार. म्हणून तोही दोन्हीकडे, मेलच्या शेजारीच हवा. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. पण पेणच्या खोलीत एसी चांगला होता आणि रोह्याच्या खेपा घालून मी कंटाळलो होतो. दोन्ही डिरेक्टरी सर्व्हर एकावर एक रचले आणि साहेबांना सांगितलं, "जोडीने राहिले की एकमेकांना सांभाळतील."

टपालकाका रोह्याला आवक-जावक बघायचे. पत्र ते कधी टेबलावर ठेवत नसत. हातात देत आणि घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. "टेबलाला वाचता येत नाय," म्हणत. कारखान्यात पाटील तीन. पाकिटावर नुसतं 'पाटील साहेब' असलं तरी काका ते उलटसुलट करून सांगत, "हे लॅबवाल्याचं. पण तो आज नाय. सासऱ्याचं बारावं हाय." मला ते 'पेणवाले' म्हणत, पेण जणू परदेशात असल्यासारखं.

मेल आल्यावर टपाल आटलं. काकांची जागा बंद करून त्यांना पेणच्या स्टोअरला पाठवायचं ठरलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं. काकूंना डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. काका जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत वरसे गावातल्या घरी जात, काकूंना वाढत, स्वतः दोन घास खात आणि भोंग्याच्या आत परत येत. पेणहून हे कसं जमणार? काका कोणाजवळ बोलले नाहीत. मला शिफ्टवाल्यांनी सांगितलं.

बदलीची ऑर्डर निघायच्या आठवड्यातच रस्त्याच्या खोदाईत पेण-रोहा केबल तुटली. रोह्याचा मेल ठप्प. लॅबचा 'माल पास' असा मेल फाटकावर आल्याशिवाय टँकर सुटत नसे. लॅब आणि फाटक यांत अंतर दोनशे पावलांचं. टँकर उन्हात उभे, ड्रायव्हर सावली शोधताहेत, आणि मी पेणहून फोनवर "रिस्टार्ट करून बघा" म्हणतोय. शेवटी गाडी पकडून रोह्याला पोचलो, तर काकांनी रिपोर्टचा कागद काढून, सही घेऊन, फाटकावर चालत नेऊन टँकर सोडलेही होते.

"काय झालं व्हतं, पेणवाले?"

रोह्याचा डिरेक्टरी सर्व्हर पेणलाच पडून आहे, हे मी समजावून सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजी चिठ्ठी रोह्यात, लिवनारा रोह्यात, घेनारा रोह्यात. आन हा घेनारा कोन, ते इचारायला पेणला जायाचं?"

"हो."

"आन हे तुमी शिकून केलंत?"

मॅनेजर मात्र घाबरले. "मेल भरवशाचा होईपर्यंत काका इथेच," म्हणाले. ऑर्डर थांबली.

उपाय सोपा होता. रोह्याचा सर्व्हर रोह्याला नेऊन लावायचा, एका दुपारचं काम. पण तो लागला की काका पेणला. मग मी टाळू लागलो. आज जीप नाही, उद्या वायर कमी आहे. केबल पुन्हा पुन्हा तुटत होती, फाटकावर टँकर खोळंबत होते, काका कागद घेऊन चालत होते, दुपारी घरी जात होते. तीन महिने मी स्वतःच्या चांगुलपणावर खूश होतो.

एक दिवस काकाच पेणला माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. "यातला आमचा कंचा?"

मी वरचा दाखवला.

"उचला. जीप खाली हाय."

वाटभर त्यांनी सर्व्हर मांडीवर धरला. कोलाडला ड्रायव्हरने चहासाठी जीप थांबवली, तर काका उतरले नाहीत. "आधी माल पोचू दे."

त्यानंतर केबल तुटली तेव्हा रोह्यात कोणाला पत्ताही लागला नाही. काकांची ऑर्डर निघाली. त्यांनी पेणऐवजी राजीनामा निवडला. अर्ज मॅनेजरच्या हातात दिला आणि नेहमीसारखे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मॅनेजरना वर बघवेना.

परवा त्यांच्या घरी गेलो. काकूंच्या ताटात भाकरी मोडून देऊन काका ओटीवर आले. मला राहवेना. म्हटलं, "काका, ते तीन महिने मी सर्व्हर मुद्दाम लावला नव्हता. तुमच्यासाठी."



"तीन महिनं ते ड्रायवर उन्हात उबे व्हते," काका म्हणाले. "त्यांची बी घरी कोन वाट बघत असंल ना?"

"मला वाटलं..."

"माया करायला बी अक्कल लागते, पेणवाले. ती तुमच्याकडं नाय."