गाईचा मान

मेलान्या गावात शिरली की पोरं घर उबवणाऱ्या भट्टीवरच्या अंथरुणात जाऊन दडत. अंगाने दांडगी, आवाज घाटावरच्या नावाड्यासारखा आणि पदरात छोटीशी सुरी! देवी टोचणारी बाई. स्वतःची तिन्ही पोरं देवीने नेल्यावर, नवराही गेल्यावर, ती तालुक्याला जाऊन हे काम शिकून आली होती. गावातल्या पाळीव हंसांना मात्र ती भलतीच भ्यायची. हंस आडवे आले की ही बाई कुंपणावर.

त्या वसंतात नदीपलीकडच्या गावात देवीची साथ आली. टोचायची लस म्हणजे आधी टोचलेल्या मुलाच्या दंडावरच्या पिकल्या फोडातलं पाणी. ते दुसऱ्याच्या दंडात घालायचं, त्याचं तिसऱ्याच्या. पिकलेला फोड तेव्हा एकटीच्याच दंडावर होता, छोट्या उस्तिन्याच्या. उद्यापर्यंत तो सुकणार होता. टोचायचा राहिला होता दोम्ना म्हातारीचा नातू साव्का.

दोम्ना दारात आडवी उभी. "उस्तिन्याचं पाणी माझ्या साव्काला? मुळीच नाही!"

"का गं मावशी? पोरगी निरोगी आहे."

"आहेच मुळी! म्हणून तर सून म्हणून हेरून ठेवलीय. बाप्तिस्म्याला एकाच धर्ममातेने धरलेली पोरं बहीणभाऊ होतात, लग्न लागत नाही त्यांचं. इथे तर अंगातलं पाणीच एक. पाद्री दारात तरी उभं करेल का?"

मेलान्याने कपाळावर हात मारला. सारं गाव असंच टोचलेलं, म्हणजे सारं गाव कुंवारं राहायचं!

मग तिने टोचण्याच्या कामाबद्दल सरकारने दिलेलं, चित्र कोरलेलं रुपेरी पदक पोलक्यातून काढलं. लाजेपायी ती ते आतच घालायची. "हे बघ. ही बाई, ही पोरं. आणि मागे कोण?"

"गाय."

"हे पाणी मुळात गाईचं, तिच्या आचळावरच्या फोडातलं. उस्तिन्याकडे नुसतं मुक्कामाला आलंय. एका गाईचं दूध अख्खी आळी पिते, तरी लग्नं होतातच ना?"

दोम्नाने पदकाजवळ डोळे नेले. "आणि ह्या बाईला कपडे का नाहीत?"

"थंडी वाजत नसेल."

"हं. साव्का बरा होईपर्यंत हे माझ्याकडे राहील." म्हातारीने पदक मुठीत घेतलं आणि वाट सोडली.

साथ नदी ओलांडून आली. मोठ्यांपैकी दोघं गेली, टोचलेलं एकही पोर गेलं नाही. साव्का अंगणात कोबीचं सूप भुरकत होता तेव्हा मेलान्या पदक मागायला आली. पदक दोम्नाच्या गाईच्या गळ्यात लटकत होतं.

"काम गाईचं, मान गाईचा," दोम्ना ठसक्यात म्हणाली. "तूच सांगितलंस."

मेलान्या खदखदून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती पायरीवरच बसली. "राहू दे तिच्याच गळ्यात," ती म्हणाली. "माझ्या घरी ते बघायला कोण आहे?"

गाईच्या गळ्यातून पदक सोडवून दोम्नाने ते पदराने पुसलं आणि साव्काच्या हातात दिलं.

"ऊठ रे. ह्या मेलान्याआजीबरोबर तिच्या घरी जा, आणि हे तिच्या भिंतीवर टांग. जेवूनच ये. आणि उद्याही जायचंय."