बांधलेल्या नांग्या

पनवेलच्या मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या एकट्याने उचलणारा तो माणूस मला कथेसाठी आयताच सापडला. काम नसलं की दोन्ही हात काखेत दाबून, गरीब चेहऱ्याने उभा असायचा. मी मनात लिहिलं, हत्ती. मग बैल. मग अस्वल.

"तुमच्यावर गोष्ट लिहितोय. हत्ती म्हणू की बैल?" मी उदारपणे विचारलं.

त्याने कोळणीच्या टोपलीतली, नांग्या दोरीने बांधलेली चिंबोरी दाखवली. "ही लिवा. बांधलीय म्हनून गरीब दिसते. भावाला एकदा नुसता धक्का दिला मी. अजून अंथरुनात हाय तो."

निघताना मी हात पुढे केला. त्याने स्वतःचे हात काखेत आणखी घट्ट दाबले आणि मान डोलावली.

हत्तीसारखी, असं मी लिहून घेतलं.